माया आणि माहिती

पोपट घरी आला की त्याला पहिल्यांदा नाव मिळतं, आणि ते बहुतेक वेळा मिठूच असतं. दुसरी गोष्ट मिळते ती ताटातला घास. चहात बुडवलेलं बिस्किट, पोळीचा तुकडा, शेवेच्या दोन काड्या, वाढदिवसाच्या केकचं क्रीम. घरातली मुलं, आजी, आलेले पाहुणे, सगळेच पिंजऱ्याच्या गजांमधून काहीतरी आत सरकवतात. याला कुणी ‘खायला घालणं’ म्हणत नाही, ‘लाड’ म्हणतात. आपल्याकडे प्रेम बोलून दाखवायची पद्धत फारशी नाही, वाढून दाखवायची आहे. जेवलास का, अजून थोडं घे, माझ्यासाठी एवढा एक घास. घरात आलेल्या पाखरालाही आपण याच भाषेत सांगतो, की तू आमचा आहेस.

अडचण अशी की पोपटाच्या शरीराला ही भाषा कळत नाही. त्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला, हृदयाला फक्त पदार्थ कळतो. तो कोणी दिला, कशासाठी दिला, देताना डोळ्यांत काय होतं, याची तिथे नोंद होत नाही.

म्हणून एक प्रश्न पडतो. ज्याने जीव लावून घास दिला आणि त्या घासानेच पाखरू दगावलं, त्याला दोषी म्हणायचं का? ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य कधी पुरेसं असतं आणि कधी नसतं? वरवर हा प्रश्न पोपटाचा आहे. पण जो जीव आपल्यावर पूर्ण अवलंबून आहे त्याच्या बाबतीत तो कुठेही उभा राहतो.

ताटातलं

आधी वजनाचा हिशोब करू. आपल्याकडचा नेहमीचा हिरवा पोपट, म्हणजे राघू किंवा कीर, साधारण १०० ते १२५ ग्रॅम भरतो. साठ किलोचा माणूस त्याच्या जवळजवळ पाचशे पट. म्हणजे चिमटीतून दिलेली एक ग्रॅम शेव ही त्याच्या मापाने, आपण एका बैठकीत अर्धा किलो शेव संपवण्यासारखी आहे. शेव, फरसाण, वेफर यांतलं मीठ त्या इवल्या मूत्रपिंडांना झेपत नाही. तहान वाढते, अंगातली ताकद जाते, जास्त झालं तर झटके येतात.

चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन आणि कॅफिन असतं. पक्ष्याच्या शरीरात ते हृदयाचे ठोके बेफाम करतं. चहा-कॉफीचंही तेच. ॲव्होकॅडो हे फळ आता पुण्या-मुंबईच्या भाजीदुकानांत आणि आपल्या नाश्त्याच्या फोटोंत सर्रास दिसतं. त्यातला पर्सिन नावाचा घटक माणसाला काही करत नाही, पण पक्ष्याच्या हृदयाच्या स्नायूंना इजा करतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सफरचंद चालतं, पण त्याच्या बिया चालत नाहीत. बी फोडली की तिच्यातून सायनाइड तयार होतं, आणि पोपटाची चोच तर बी फोडण्यासाठीच घडलेली आहे. कच्चा किंवा नुसता भिजवलेला राजमा विषारी असतो, तो नीट शिजल्यावरच निवळतो. कुबट वास येणारे शेंगदाणे आपण थुंकून टाकतो, पक्षी खातो, आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन त्याचं यकृत पोखरतं.

काही गोष्टी विष नसतात, पण रोजच्या झाल्या की विषासारख्या वागतात. दूध पचवणारं लॅक्टेज हे पाचकद्रव्य पक्ष्यांकडे नसतं. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न, अंड्यातून आलेल्याशी त्याचा संबंध काय? नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेला पोपट खूश दिसतो, पण हळूहळू त्याच्या यकृतात चरबी साठते आणि ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं. हे मरण इतकं सावकाश येतं की आपण त्याला म्हातारपण म्हणतो.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांनी बरोबर ओळखली, ती हिरवी मिरची. पोपटाला मिरची देतात हे ऐकून लहान मुलाला नवल वाटतं. पण मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या ज्या संवेदकाला आग लावतं, तो संवेदक पक्ष्यांमध्ये असूनही कॅप्सेसिनला दाद देत नाही. त्यामुळे पोपटाला मिरची तिखट लागतच नाही. गंमत म्हणजे मिरची इथली नव्हे. ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. म्हणजे कुणीतरी परसातल्या नव्या झाडावर पोपट बसलेला पाहिला, तो मजेत खातो आहे हे पाहिलं, आणि मग त्याला मिरची दिली. ही साधी गोष्ट पुढे कामाला येणार आहे. मिरचीचा घास बरोबर ठरला, कारण आधी कुणीतरी नीट पाहिलं होतं.

हवेतलं

घास तरी हातातून जातो, तो रोखता येतो. हवा कुणाच्या हातात नसते.

पक्ष्याचं फुफ्फुस आपल्यासारखं भात्यागत फुगत-मिटत नाही. फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते. श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा रक्ताला भेटते. उडायला लागणारी प्रचंड ऊर्जा अशी मिळते. पण ज्या कसबाने हा पक्षी प्राणवायू ओढून घेतो, त्याच कसबाने तो विषही ओढून घेतो. इंग्लंडातले खाणकामगार कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून खाणीत नेत ते यासाठीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने हा उपाय सुचवला आणि १९८६ पर्यंत तो ब्रिटिश खाणींत चालू होता. कार्बन मोनॉक्साइड वाढला की आधी पक्षी कोसळे, माणसाला पळायला थोडा वेळ मिळे.

आपल्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात तसं काही नाही असं वाटतं. पण नॉनस्टिक तव्यावरचा पीटीएफईचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडायला लागतो. मोठ्या आचेवर विसरलेला रिकामा तवा काही मिनिटांत तिथे पोहोचतो. निघणारा वायू आपल्याला दिसत नाही, वासही फारसा येत नाही. शेजारच्या खोलीतला पोपट मात्र त्याने मिनिटांत मरू शकतो. फुफ्फुसात पाणी आणि रक्त साचतं, उपचाराला वेळच मिळत नाही. सँडविच मेकर, काही एअर फ्रायर, इस्त्रीचा तळ, केस सरळ करायचं यंत्र यांवरही हाच थर असू शकतो.

मग देवघर. उदबत्ती, धूप, कापूर. संध्याकाळी डासांची कॉइल. कपाटात डांबरगोळ्या, बाथरूममध्ये रूम फ्रेशनर, झुरळांवर फवारा, करपलेल्या फोडणीचा खाट. यांतली एकही वस्तू कुणी पोपटाच्या वाईटासाठी आणलेली नाही. काही तर भक्तिभावाने आणलेल्या आहेत.

घरातली बाकीची जोखीम पटकन सांगून टाकतो. गंज चढू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली पिंजऱ्याची स्वस्त तार पोपट दिवसभर कुरतडतो आणि जस्त पोटात जातं. जुन्या रंगाच्या पोपड्यांत शिसं असतं. अंगणातली कण्हेर आणि बिट्टी, हॉलमधलं डिफेनबाखिया, ही झाडं विषारी आहेत. ‘जरा मोकळा सोडू’ म्हणून पिंजऱ्याचं दार उघडलं तेव्हा छताचा पंखा चालू असतो, भरलेली बादली उघडी असते, खिडकीची काच त्याला आकाश वाटते.

ही सगळी यादी वाचून एखादा म्हणेल, एवढं असेल तर पोपट जगतो कसा? प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर शोधायला घराबाहेर जावं लागतं.

गुंजवण्यातला पोपट

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे गाव आहे, पूर्वीच्या वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, जुन्या गुंजण मावळात. पुण्यातली तरुण मंडळी इथून चोरदरवाजाच्या वाटेने गड चढतात. चढताना डोकं खाली असतं, त्यामुळे वरून जाणारा हिरवा थवा दिसण्याआधी ऐकू येतो. या पट्ट्यात भात पिकतो. लोंब्या भरल्या की सह्याद्रीच्या कुशीतल्या कोणत्याही भातखाचराप्रमाणे इथेही पोपट हा लाडका मिठू नसतो, पिकावरचा चोर असतो. त्याला हाकलायला डबे वाजवतात, गोफण फिरवतात.

हा चोर वर्षभर काय खातो ते पाहण्यासारखं आहे. भाताचे दाणे ठरावीक दिवसांतच. एरवी वड, पिंपळ, उंबराची फळं, झाडांच्या शेंगा, रानातल्या बिया, कोवळे कोंब. हिवाळा सरताना सावर, पळस, पांगारा फुलले की फुलांतला मध. राघूसोबत इथे तुईया पोपटही असतो, नराचं डोकं जांभळट-गुलाबी आणि शेपटी निळी. रानात विषारी बिया, कडू पानं, कुजकी फळं सगळं काही आहे. तिथे कुणी याद्या वाचून दाखवत नाही. तरी थवा विषबाधेने मरून पडलेला दिसत नाही.

याचं एक कारण म्हणजे तिथला पोपट निवडू शकतो. एक फळ कडू लागलं की तो चार झाडं ओलांडून पुढे जातो. थोडं खातो, बरंचसं टाकतो, दिवसात दहा ठिकाणी चोच मारतो. दुसरं कारण म्हणजे तो शिकलेला असतो. झाडाच्या ढोलीतून बाहेर पडलेलं पिल्लू काही काळ आईबापांमागे आणि थव्यामागे फिरतं. कोणतं झाड कधी पिकतं, काय खायचं, काय सोडायचं, धूर दिसला तर कुठे वळायचं, हे सगळं त्या फिरण्यातून येतं. पोपटाचा मेंदू एवढा तल्लख असण्याचं कामच ते आहे.

बाजारात येणारा देशी पोपट मात्र याच्या आधीच उचललेला असतो. राघूची विण जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास, आणि पिल्लं उडायला सहा-सात आठवडे लागतात. त्या आठवड्यांत कुणीतरी ढोलीत हात घालतो. पिल्लाचं आकाश जातं हे आपण सगळेच म्हणतो. त्याची शाळाही जाते, हे सहसा म्हणत नाही. दुकानातून आणलेल्या लव्हबर्ड, बजरीगर, कॉकॅटिएल किंवा कॉन्युरच्या बाबतीत तर ती शाळा आधीच्या पिढ्यांतच बंद झालेली असते.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची कळ इथे आहे. पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडून आपण दोन गोष्टी काढून घेतलेल्या असतात, निवड आणि शहाणपण. समोर येईल ते खाणं आणि असेल ती हवा ओढणं एवढंच त्याच्या हातात उरतं. काढून घेतलेल्या या गोष्टी नाहीशा होत नाहीत, त्या आपल्याकडे येतात. त्याने जे जाणायला हवं होतं ते आता आपण जाणायला हवं, कारण जाणण्याची त्याची वाट आपण बंद केली. ज्याने दुसऱ्याचे डोळे बांधले त्याने त्याचा हात धरून चालवायला हवं, आणि वाटेत खड्डा आला तर ‘मला दिसला नाही’ म्हणायची त्याला मोकळीक नाही.

‘माहीत नव्हतं’

आता त्या वाक्याकडे येऊ.

महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला एका पोपटाची गोष्ट सांगतात. एका व्याधाने हरणावर विषारी बाण सोडला, नेम चुकला आणि बाण एका मोठ्या झाडात शिरला. झाड वाळलं. त्या झाडाच्या ढोलीत राहणारा पोपट मात्र तिथून हलला नाही. इंद्राने येऊन विचारलं, रानात एवढी हिरवी झाडं असताना तू इथेच का? पोपट म्हणाला, मी इथेच वाढलो, याने मला सांभाळलं, आता याच्या पडत्या काळात कसा सोडू? इंद्र प्रसन्न झाला आणि पोपटाच्या मागण्यावरून झाड पुन्हा हिरवं झालं. ही गोष्ट पोपटाच्या निष्ठेची म्हणून सांगितली जाते. पण व्याधाकडे पाहा. झाडाशी त्याचं काहीच वैर नव्हतं. विषाने ते विचारलं नाही. आणि व्याधाच्या मनात झाडाबद्दल काही नव्हतं म्हणून बाणाला विष लावून तो रानात सोडणं निर्धोक होत नाही.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात एका जहाजमालकाचं उदाहरण घेतलं. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. मालकाच्या मनात शंका येते, पण तो स्वतःची समजूत घालतो, की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. त्याचा विश्वास अगदी खरा असतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे, कारण असा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता, तो तपासून मिळवलेला नव्हता. पुढे तो म्हणतो, जहाज सुखरूप पोहोचलं असतं तरी दोष तेवढाच राहिला असता.

हे शेवटचं वाक्य पचायला जड आहे, पण पोपटाच्या बाबतीत ते फार लागू पडतं. समजा दोन घरं आहेत. दोन्हींकडे पोपट, दोन्हींकडे गॅसवर विसरलेला नॉनस्टिक तवा. एका घरात खिडकी उघडी होती, पोपट वाचला. दुसऱ्या घरात पावसामुळे खिडकी बंद होती. दोघांनी केलं तेच, फरक पावसाचा. तरी आपण एकाला हळहळत दोष देतो आणि दुसऱ्याकडे काही घडलंच नाही असं धरतो.

‘आमच्या आजीच्या पोपटाने पंधरा वर्षं चहा-बिस्किट खाल्लं, काही झालं नाही,’ हे वाक्य त्या उघड्या खिडकीच्या घरातून येतं. ते खोटं नसतं. विषाचा परिणाम मात्रेवर असतो, काही पक्षी तगतात. पण जे महिन्याभरात गेले त्यांच्या गोष्टी कुणी पंधरा वर्षं सांगत नाही. आणि नीट सांभाळलेला राघू पंचवीस-तीस वर्षंही जगू शकतो, हे धरलं तर पंधरा हा आकडा कौतुकाचा की हिशोबाचा, हे पुन्हा पाहावं लागतं.

मग आजी दोषी का? मला तसं वाटत नाही. ॲरिस्टॉटलने एक भेद केला आहे. जे जाणून घेणं आपल्या हातात होतं त्याच्या अज्ञानाला माफी नाही, पण जे जाणून घेण्याची वाटच नव्हती ते निराळं. आजीच्या गावात पक्ष्यांचा डॉक्टर नव्हता, पुस्तक नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं. तिने जे सगळ्यांना दिलं ते पाखराला दिलं. आपलं तसं नाही. ज्या फोनवर आपण मिठूचा रील काढतो त्याच फोनवर एका मिनिटात कळू शकतं की त्याच्या चोचीत धरलेला तुकडा कशाचा आहे. माहिती जितकी जवळ येते तितकं ‘माहीत नव्हतं’ हे वाक्य हलकं होत जातं.

इथे एक काळजी घ्यायला हवी. ज्याचा पक्षी खरोखर असा गेला त्याला हे सगळं तोंडावर ऐकवणं हा दुष्टपणा होईल. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने एका ट्रकचालकाचं उदाहरण दिलं आहे. काहीही चूक नसताना त्याच्या ट्रकखाली मूल येतं. लोक समजूत घालतात, तुझा दोष नाही. ते खरंही असतं. पण तो चालक रस्त्याने जाणाऱ्या बघ्याइतकाच हळहळून घरी गेला तर आपल्यालाच विचित्र वाटेल. दोष नसला तरी ‘माझ्या हातून’ हे दोन शब्द उरतात. ज्या घरात पिंजरा रिकामा झाला तिथे हेच दोन शब्द असतात. त्यांच्यावर वाद घालू नये. पुढच्या कुणाला तरी तवा, कॉइल आणि ॲव्होकॅडोबद्दल सांगणं एवढंच त्यांचं करता येतं.

यादीची पोपटपंची

मराठीत ‘माया’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक जीव लावणं, दुसरा भ्रम. बहुतेक वेळा आपण ते दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो, एक आईकडे, एक वेदान्ताकडे. पोपटाला शेव भरवणाऱ्या हातात मात्र ते दोन्ही एकत्र असतात. आपण त्याच्यावर माया करतो आणि तो आपल्यासारखाच आहे, आपल्याला आवडतं ते त्याला आवडेल आणि आवडतं ते मानवेल, अशा मायेतही असतो. तो आपल्यासारखं बोलतो म्हणून हा भ्रम आणखी घट्ट होतो.

यावर उपाय म्हणून कुणी याद्या पाठ करतं. हे द्या, ते देऊ नका, फॉरवर्ड करा. यादी उपयोगी आहे, वर मीही दिली. पण कारण न कळता पाठ केलेल्या यादीला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, पोपटपंची. उद्या घरात नवी सुगंधी मेणबत्ती येईल, नवं यंत्र येईल, नवं फळ बाजारात दिसेल. ते जुन्या यादीत नसेल. तापणारा थर, धूर, फवारा, तीव्र सुगंध यांपासून या फुफ्फुसाला धोका आहे, हे ज्याला समजलं त्याला नव्या वस्तूचंही उत्तर सापडतं. ज्याला फक्त यादी येते तो यादीबाहेर पुन्हा अडाणी असतो.

पोपटपंची हा शब्द खुद्द पोपटावर अन्याय करतो, ही वेगळीच गोष्ट. आयरीन पेपरबर्ग या शास्त्रज्ञ बाईंनी १९७७ पासून ॲलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटाबरोबर काम केलं. २००७ साली तो गेला तोवर तो रंग, आकार, वस्तू कशाची आहे हे सांगू शकत होता, सहापर्यंतच्या संख्या ओळखत होता, दोन वस्तूंत सारखं काय आणि वेगळं काय हे उत्तरत होता. म्हणजे अर्थ न कळता बोलण्याचा मक्ता पोपटाकडे नाही. अर्थ न कळता ‘आमचा जीव आहे तो’ म्हणणारे आपणही त्यात येतो.

कारण समजून घेण्याच्याही पुढची पायरी म्हणजे पाहणं, मिरचीच्या बाबतीत कुणीतरी पाहिलं होतं तसं. पोपट हे शिकार होणारं पाखरू आहे, दुखणं लपवणं हा त्याचा स्वभाव. थव्यात आजारी दिसणारा आधी टिपला जातो. त्यामुळे तो आजारी दिसायला लागला म्हणजे बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पिसं फुलवून गप्प बसणं, श्वासागणिक शेपटी वरखाली होणं, विष्ठेचा रंग बदलणं, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर आठवड्याला केलेल्या वजनात दहा ग्रॅमची घट. पाच किलो गेलेला माणूस आपल्याला दिसतो, दहा ग्रॅम गेलेला पोपट दिसत नाही, तो मोजावा लागतो. जाणून घेणं आणि जीव लावणं या वेगळ्या गोष्टी आहेत असं वाटत असेल, तर दर रविवारी पोपटाचं वजन वहीत लिहिणाऱ्या माणसाकडे पाहावं. त्या वहीपेक्षा मोठा लाड त्या घरात दुसरा नसतो.

मग पिंजरा?

इथवर आल्यावर एक सोयीचा निष्कर्ष तयार असतो. नीट माहिती घ्या, नीट सांभाळा, म्हणजे झालं. पण तो पुरता बरोबर नाही. ज्याने सगळं जाणलं त्याला हेही कळलेलं असतं, की गुंजवण्याच्या शिवारावरून ओरडत जाणाऱ्या त्या थव्याला जे मिळतं ते आपण कितीही केलं तरी देऊ शकत नाही. माहिती पुरेशी झाली की पिंजरा अधिक स्पष्ट दिसायला लागतो.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवरच्या पोपटाचा दृष्टांत आहे. पारधी नळी टांगतो, पोपट बसला की ती फिरते, तो उलटा होतो आणि भीतीने नळी घट्ट धरून ठेवतो. कुणी बांधलेलं नसतं, तरी आपण बांधले गेलो असं समजून तो अडकतो. माणूस स्वतःच्या अहंकारात कसा अडकतो हे सांगायला तो दृष्टांत आहे आणि तिथे चपखल आहे. खऱ्या पिंजऱ्यातल्या पोपटाला मात्र तो लागू होत नाही. त्याची नळी खरी आहे, पंख खरोखर कातरलेले आहेत, सोडून द्यायला त्याच्या हातात काही नाही. नळी धरून बसलेले असलोच तर आपण आहोत. हा माझ्याशिवाय राहू शकत नाही, ही समजूत आपली.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. राघू, तुईया, करण हे सगळे देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे, मग तो फुटपाथवरच्या ज्योतिषाचा चिठ्ठी काढणारा पोपट असो की गॅलरीतला मिठू. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये म्हटलं होतं, की आकाशात उडणं हा पक्ष्यांचा मूलभूत हक्क आहे. तेव्हा देशी पोपटाबद्दल माझं मत सरळ आहे. सगळी माहिती असली तरी आणू नये. ढोलीत घातलेला हात कितीही चांगल्या आहाराने भरून निघत नाही.

घरात आधीच असलेल्याचं काय? भावनेच्या भरात राजगडाच्या पायथ्याशी नेऊन सोडणं हे सोडणं नाही, टाकणं आहे. ज्याने झाड पिकताना पाहिलं नाही, ससाणा ओळखला नाही, ज्याचे पंख अंगभर उडालेले नाहीत, त्याला रान म्हणजे आपल्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी यादी. परदेशी जातीचा पक्षी सोडला तर तो मरेल तरी किंवा इथल्या पक्ष्यांच्या ढोली तरी बळकावेल. देशी पोपटासाठी वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, पुण्यात वन्यजीवांसाठी उपचार आणि पुनर्वसन करणाऱ्या संस्था आहेत. तिथे तो पुन्हा उडू शकेल का हे जाणकार माणसं ठरवतात.

उरतो तो कायदेशीर, दुकानातून आणलेला पक्षी, आणि तो आणू पाहणारा बावीस-तेवीस वर्षांचा वाचक. त्याला मला विषांची यादी देण्याआधी एक हिशोब विचारावासा वाटतो. कॉकॅटिएल पंधरा-वीस वर्षं जगतो, कॉन्युर त्याहून जास्त जगू शकतो. आज भाड्याच्या खोलीत आणलेलं पाखरू तुमच्या तीन नोकऱ्या, चार घरं, एक लग्न आणि कदाचित एक मूल पाहील. त्या प्रत्येक घरात एक स्वयंपाकघर असेल, एक देवघर असेल, डास असतील, आणि तुमच्याशिवाय आणखी कुणीतरी असेल ज्याला ही यादी ठाऊक नसेल आणि ज्याला त्याचा लाड करावासा वाटेल. त्या सगळ्यांना, इतकी वर्षं, प्रत्येक वेळी न कंटाळता सांगायची तयारी आहे का? घरमालकिणीला कॉइल लावू नका म्हणून, पाहुण्यांना शेव देऊ नका म्हणून, आईला तवा बदल म्हणून.

तयारी असेल तर पुढचं सगळं शिकता येतं. नसेल, तर थोडं लवकर उठून गुंजवण्याची वाट धरावी. थवे सकाळी बाहेर पडतात.